टॉक्सोप्लाझ्मा: रिपोर्ट एकच, अर्थ माणसागणिक वेगळा

एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर आले. दोन्हींवर तीच ओळ होती: टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह. म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात सापडली.

पहिला घेऊन आली ती पंचविशीतली एक मुलगी, सोबत सासूबाई. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. कुणीतरी टॉर्च टेस्ट, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, करायला सांगितली, त्यात हे निघालं. सासूबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "मॅडम, हिच्या रक्तात मांजराचा रोग निघालाय. आता हिला मूल होणार की नाही?" मुलगी मान खाली घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. घरातलं मांजर आदल्या रविवारीच पोत्यात घालून बाजारापाशी सोडून आले होते.

दुसरा रिपोर्ट होता चाळिशीच्या आतल्या एका गवंड्याचा. त्याच्या हातातून थापी निसटायला लागली होती. बायको म्हणाली, "चार दिवस झाले, शब्द आठवत नाहीत त्यांना. चहा हवा असला की 'ते गरम, ते गरम' म्हणतात." घरच्यांना वाटलं लकवा. सकाळी फिट आली तेव्हा घाबरून आणलं. तपासणीत एचआयव्ही निघाला, तोही पहिल्यांदाच. प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी उरल्या होत्या फक्त ४२.

पहिलीला मी टॉक्सोचं एकही औषध दिलं नाही. दुसऱ्याला त्याच संध्याकाळी दाखल करून उपचार सुरू केले. मग रिपोर्ट सारखाच असताना असं का? हे नीट कळलं तर कितीतरी घरांतली भीती कमी होईल, आणि काही घरांत वेळेवर धावपळ होईल. म्हणून हे लिहिते आहे.

हा आहे तरी कोण

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एका पेशीचा परजीवी. बॅक्टेरिया नाही, व्हायरस नाही. नात्याने तो मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद. १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो या दोघांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली तो वाकलेल्या चंद्रकोरीसारखा दिसतो. ग्रीक भाषेत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य, त्यावरून नाव पडलं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंदोरे यांनाही तो सशात दिसला.

पण माणसाला तो होतो कुठून, हे कळायला पुढची साठ वर्षं गेली. १९६० च्या दशकात पॅरिसच्या एका आरोग्यधामात असं दिसलं की ज्या मुलांना अर्धंकच्चं मांस खायला दिलं जात होतं, त्यांच्यात हा संसर्ग झपाट्याने वाढतो. म्हणजे मांसातून येतो हे नक्की. तरी एक कोडं उरलंच, आणि ते मुंबईने घातलेलं होतं. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही लोकांचं रक्त तपासलं होतं. संसर्गाचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच! ज्याने जन्मात मटण चाखलं नाही त्याला हा परजीवी मिळाला कुठून?

उत्तर मांजराच्या पोटात होतं. ग्लासगोच्या हचिसन यांना १९६५ मध्ये मांजराच्या विष्ठेतून संसर्ग पसरतो याची चाहूल लागली, आणि १९७० पर्यंत संपूर्ण जीवनचक्र उलगडलं. ते उलगडणाऱ्यांत जितेंद्र दुबे हे भारतात जन्मलेले पशुवैद्यकही होते. त्यांनी पुढे सारं आयुष्य या एका परजीवीला वाहिलं.

टॉक्सोप्लाझ्माचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यातच होतं. मांजराने संसर्ग असलेला उंदीर किंवा पाखरू खाल्लं की साधारण आठवडा ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून लाखो सूक्ष्म कवचधारी अंडी बाहेर पडतात. शास्त्रीय भाषेत ती अंडी नव्हेत, पण समजायला हा शब्द पुरे. हे बहुतेक मांजरांच्या आयुष्यात एकदाच घडतं, तेही बहुधा पिल्लूवयात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. एक ते पाच दिवस हवेत, ओलाव्यात राहिल्यावर ती पिकतात. मग मात्र ओल्या मातीत ती महिनोन् महिने टिकतात, कधी वर्षाहूनही जास्त.

ती माती मेथीच्या जुडीला लागते, पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते, परसात खुरपणाऱ्याच्या नखांत जाते. तीच माती चरणाऱ्या शेळीच्या पोटात जाते, आणि मग शेळीच्या मांसात परजीवीच्या पुटकुळ्या तयार होतात. त्यांना सिस्ट म्हणतात. शाकाहाऱ्याला तो भाजीतून आणि पाण्यातून मिळतो, मांसाहाऱ्याला त्या दोन्हींतून आणि कच्च्या मांसातूनही. २००४-०५ मध्ये कोइमतूरमध्ये २४८ जणांना या परजीवीमुळे डोळ्याचा आजार झाला, तेव्हा तिथल्या नेत्रतज्ज्ञांचा संशय थेट पिण्याच्या पाण्यावर गेला होता.

माणसाकडून माणसाला तो शिवण्याने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. अपवाद म्हणजे पोटातल्या बाळाला आईकडून, आणि क्वचित अवयवरोपणातून किंवा रक्तातून.

हरळी आणि राखणदार

शरीरात शिरल्यावर हा परजीवी दोन रूपांत राहतो. आधी वेगाने वाढणारं रूप. ते रक्तातून सगळीकडे पसरतं, पेशीत शिरतं, तिथे वाढतं, पेशी फोडून पुढच्या पेशीत घुसतं. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर दोन-तीन आठवड्यांत ही धामधूम आटोक्यात येते. पण परजीवी संपत नाही. तो मेंदूत, स्नायूंत, डोळ्याच्या पडद्यात सिस्ट करून पडून राहतो. हे त्याचं दुसरं, संथ रूप.

ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना हे सांगताना मी हरळीचं उदाहरण देते. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, खाली मुळं असतातच. आज आपल्याकडे असलेली औषधं वर आलेली हरळी मारतात, मुळं नाही. मुळांवर नजर ठेवायचं काम रक्तातल्या टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचं, विशेषतः त्यांतल्या सीडी४ पेशींचं. जन्मभर हा राखणदार बांधावर उभा असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या अंगात हा परजीवी असावा असा अंदाज आहे. भारतातल्या गर्भवतींच्या २०१४ च्या एका अभ्यासात साधारण २२ टक्के जणींत त्याच्या खुणा सापडल्या. प्रमाण दक्षिणेत सर्वाधिक आणि पश्चिम भारतात सगळ्यांत कमी होतं.

आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच: हा पाहुणा कधीतरी अंगात शिरला, आणि शरीराने त्याची नोंद ठेवली आहे. कधी आला, आता काय करतोय, हे ती ओळ सांगत नाही. ते सांगणार राखणदाराची तब्येत.

राखणदार धडधाकट असेल तर

शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणांना संसर्ग झाल्याचं कळतच नाही. उरलेल्यांना मानेत न दुखणाऱ्या गाठी येतात, थोडा ताप, अंगदुखी, थकवा. गाठी महिनाभर राहतात आणि बहुधा आपसूक विरतात. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की पहिल्यांदा टीबीचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. फक्त टीबीचा पुरावा नसेल तर टॉक्सोची आठवण ठेवावी.

डोळ्याचं मात्र हलक्यात घेऊ नये. पडद्यावर सूज आली की एका डोळ्याने धूसर दिसतं, नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात. डोळ्याच्या डॉक्टरांना आत जे दिसतं त्याला ते 'धुक्यातला हेडलाइट' म्हणतात: पांढुरका गढूळपणा आणि त्यामागे चमकणारा सुजेचा डाग. हा त्रास पुन्हा पुन्हा उलटू शकतो. एकदा झालेल्या माणसाने नजरेत जरा फरक वाटला तरी त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

उंदरांच्या मनातली मांजराच्या वासाची भीती हा परजीवी घालवतो, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. त्यावरून माणसांचे स्वभाव बदलतात, माणसं वेडी होतात, असं बरंच पसरलं आहे. माणसांबाबत तसं सिद्ध झालेलं नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी स्वतःच्या डोक्याची शंका घेऊ नये.

टॉर्च टेस्टचा घोळ

आता त्या मुलीकडे वळते, कारण या एका तपासणीने आपल्याकडे जितकी रडारड झाली आहे तितकी प्रत्यक्ष परजीवीने केली नसेल.

गरोदरपणात टॉक्सोचा धोका खरा आहे, पण तो एका ठरावीक परिस्थितीत: आईला हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदा गरोदरपणातच, किंवा दिवस राहण्याच्या जरा आधी झाला तर. तेव्हा शरीरात बंदोबस्त नसतो, परजीवी रक्तात मोकळा फिरतो आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळापर्यंत जाण्याची शक्यता कमी, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. पण गेला तर नुकसान भारी. डोक्यात पाणी साठणं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला इजा, कधी गर्भपात. शेवटच्या तीन महिन्यांत उलट: पोहोचण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, पण बाळ जन्मतः बहुधा ठणठणीत दिसतं आणि डोळ्याचा त्रास काही वर्षांनी डोकं वर काढू शकतो.

ज्या बाईचा आयजीजी दिवस राहण्याच्या आधीपासून पॉझिटिव्ह आहे, तिच्या अंगात बंदोबस्त तयार आहे. तिच्या बाळाला या परजीवीचा धोका जवळपास नसतो. म्हणजे सासूबाईंना ज्या ओळीची धास्ती वाटत होती ती खरं तर दिलासा देणारी ओळ होती. आणि लागोपाठ होणाऱ्या गर्भपातांचं कारण जुना टॉक्सो नसतो. ते कारण दुसरीकडे शोधावं लागतं: थायरॉइड, साखर, गर्भाशयाची रचना, रक्तात गुठळ्या करणारे आजार, गुणसूत्रं. टॉक्सोवर बोट ठेवून गोळ्या देत बसलं की हा शोध थांबतो, बाईची वर्षं वाया जातात आणि दोष तिच्या माथी बसतो. याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा घोळ आयजीएमचा, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रतिपिंडाचा. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजा, असं सरसकट धरलं जातं. पण काही जणींत तो वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ रेंगाळतो, कधी खोटाही येतो. त्यासाठी अव्हिडिटी नावाची तपासणी आहे. प्रतिपिंडांची पकड किती घट्ट झाली आहे ते ती मोजते. नवी प्रतिपिंडं परजीवीला सैल धरतात, जुनी घट्ट. पहिल्या तिमाहीत पकड घट्ट निघाली तर संसर्ग किमान चार महिन्यांपूर्वीचा, म्हणजे दिवस राहण्याआधीचा. एवढ्या एका तपासणीने कितीतरी बायकांची झोप परत आली असती. ही शहानिशा झाल्याशिवाय निव्वळ आयजीएमच्या भरवशावर गर्भ पाडण्याचा निर्णय कुणीही घेऊ नये.

संसर्ग खरंच ताजा असेल तर स्पायरामायसिन हे औषध सुरू करतात, अठरा आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) तपासणी करता येते, आणि बाळापर्यंत गेला असेल तर औषधं बदलतात. फ्रान्समध्ये १९७८ पासून याची राष्ट्रीय पातळीवर तपासणी होते. ज्या गर्भवतीला पूर्वी संसर्ग झालेला नाही तिचं रक्त तिथे दर महिन्याला तपासतात, कारण खरी जपायची ती, आयजीजी निगेटिव्ह असलेली.

राखणदारच उरला नाही तर

एचआयव्ही नेमका सीडी४ पेशींवरच घाला घालतो. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण पाचशे ते दीड हजार असतात. दोनशेच्या खाली आल्या की शरीर उघडं पडायला लागतं, शंभरच्या खाली टॉक्सोची मुळं पुन्हा फुटतात. आयजीजी पॉझिटिव्ह, सीडी४ शंभरच्या खाली, आणि ना एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधं) ना प्रतिबंधक गोळी, अशा स्थितीत दहातल्या तिघांना मेंदूचा टॉक्सो होतो. हा परजीवी नव्याने बाहेरून आलेला नसतो. कदाचित लहानपणी खाल्लेल्या शेतातल्या गाजरातून आलेला, तीस वर्षं मुकाट पडून राहिलेला.

दुखणं दिवसागणिक चढतं. डोकेदुखी, ताप, बोलण्यात घोटाळा, वागण्यात बदल, एका बाजूचा हातपाय ढिला, फिट. घरचे लकवा समजून मालीशवाल्याकडे नेतात आणि आठवडा हातचा जातो. तरुण माणसाला असं झालं तर मेंदूचं स्कॅन आणि एचआयव्हीची तपासणी दोन्ही करावीत. तपासणी त्याच्या संमतीनेच. तो शुद्धीत नसेल तर जवळच्या नातेवाइकाला विश्वासात घेऊन.

त्या गवंड्याच्या स्कॅनची फिल्म मी त्याच्या बायकोला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. करड्या मेंदूत पांढऱ्या बांगड्या ठेवल्यासारख्या चार कड्या, प्रत्येकीभोवती सुजेचं काळपट पाणी. दोन कड्या अगदी आत, खोलात. "एवढ्याने बोलणं जातं?" तिने विचारलं. जातं, पण हा आजार वेळेत पकडला तर बोलणं परतही येतं.

आपल्याकडे अडचण अशी की अशाच कड्या टीबीच्या गाठीच्याही दिसतात, क्वचित मेंदूतल्या लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्याही. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी जुळवतात: सीडी४ शंभरच्या खाली, आयजीजी पॉझिटिव्ह, एकाहून जास्त कड्या. जुळल्या की मेंदूला सुई न लावता टॉक्सोचे उपचार सुरू करतात आणि वाट पाहतात. टॉक्सो असेल तर बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सुधारतात. नाही सुधारले तर निदान चुकलं असं समजून पुढचा शोध. स्टिरॉइड सूज फारच असेल तरच देतात, कारण त्याने लिम्फोमाही तात्पुरता आकसतो आणि डॉक्टरची फसगत होते.

औषधांची जुनी जोडी पायरीमेथामिन आणि सल्फाडायझिन. सोबत फोलिनिक ॲसिड लागतंच. ते फॉलिक ॲसिड नव्हे, ही दोन नावं औषधाच्या दुकानात हमखास गल्लत करायला लावतात. पायरीमेथामिन गर्ट्रूड एलियन यांच्या कामातून आलं, ज्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. याच साध्या, जुन्या गोळीची किंमत अमेरिकेत २०१५ साली साडेतेरा डॉलरवरून साडेसातशे डॉलर झाली होती. दुसरा पर्याय को-ट्रायमोक्साझोल, स्वस्त आणि सहज मिळणारं, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्यावरच रुग्ण बरे होतात. पूर्ण मात्रा किमान सहा आठवडे, मग कमी मात्रा चालू ठेवायची. एआरटी साधारण दोन आठवड्यांनी सुरू होते.

नवव्या दिवशी राउंडला गेले तर गवंडी बायकोला म्हणत होता, "चहा आण." बायको माझ्याकडे बघून हसली आणि रडायला लागली.

ती मोठी पांढरी गोळी

एचआयव्ही असलेल्या माणसाला टॉक्सोपासून वाचवतं ते हेच को-ट्रायमोक्साझोल, दिवसाला एक. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सूचनांप्रमाणे सीडी४ साडेतीनशेच्या खाली असेल तर ही गोळी देतात आणि एआरटी सेंटरवर ती मोफत मिळते. टॉक्सोबरोबर ती एका घातक न्यूमोनियालाही अडवते. पण "मुख्य गोळी चालू आहे ना, मग ही कशाला" म्हणून लोक पहिल्यांदा हीच सोडतात. अंगावर पुरळ आलं तर गुपचूप बंद करू नका, सेंटरवर दाखवा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी दुसरी औषधं आहेत.

आणि खरा इलाज एआरटीच. २००४ च्या एप्रिलपासून सरकार ती मोफत देतं, सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू. म्हणून आज मेंदूचा टॉक्सो दिसतो तो बहुतेक दोघांतच: ज्यांनी कधी तपासलंच नाही, आणि ज्यांनी गोळ्या सोडल्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत आणि गुप्त होते. १०९७ हा हेल्पलाइन क्रमांक फिरवून मराठीतही विचारता येतं. संमतीशिवाय तपासणी करणं आणि निकाल बाहेर फोडणं याला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

एआरटीवर असलेल्या, सीडी४ चांगल्या असलेल्या माणसाचा रिपोर्ट आयजीजी पॉझिटिव्ह आला तर घाबरण्यासारखं काही नाही. त्याचा राखणदार परत आलेला आहे. आयजीजी निगेटिव्ह असेल तर खाण्यापिण्याची काळजी घ्यावी, गर्भवतीसारखीच.

ती काळजी फार मोठी नाही. आपला मटणाचा रस्सा तास-तास रटरटतो, त्यात हा परजीवी टिकत नाही. सदुसष्ट अंशांना सिस्ट मरतात. भीती आहे ती आतून गुलाबी राहिलेल्या कबाबाची, मीठ-तिखट बघायला जिभेवर ठेवलेल्या कच्च्या खिम्याची, आणि मटण चिरलेल्या विळीवर लगेच चिरलेल्या काकडीची. परदेशात राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांनी गरोदरपणात अर्धकच्चं स्टेक टाळावं. पालेभाजी, कोथिंबीर वाहत्या पाण्यात धुवावी, पाण्याची खात्री नसेल तर उकळून प्यावं, मातीत काम करताना हातमोजे घालावेत. मांजर पाळा, खुशाल मांडीवर घ्या. त्याला कच्चं मांस देऊ नका, आणि त्याच्या शीचा डबा रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. रोज का, ते वर आलंच आहे: अंडी पिकायला किमान एक दिवस लागतो.

गवंडी आता परांचीवर चढत नाही. एकदा फिट येऊन गेलेली आहे, म्हणून खालीच माल कालवतो. वर्षाने त्याच्या सीडी४ पेशी २६० झाल्या. परवा विचारत होता, "मॅडम, पांढरी गोळी कधी बंद?" म्हटलं, साडेतीनशेच्या वर, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा. त्याने एआरटीच्या वहीच्या मागच्या पानावर '३५०, दोनदा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि बायकोला वाचून दाखवलं.